अंगणातील जुनी मोटार आणि घराचे आरोग्य

काही छंद माणसाला घराबाहेर नेतात, काही घरात बसवतात. जुनी, गंजलेली स्पोर्ट्स कार विकत घेऊन ती घरच्या घरी पुन्हा चालती करणे हा छंद या दोहोंच्या मधला आहे. त्याचे स्थान असते अंगणात, पडवीत, गॅरेजमध्ये किंवा इमारतीखालच्या वाहनतळाच्या एका कोपऱ्यात. घर तेथून हाकेच्या अंतरावर असते आणि म्हणूनच या छंदाचे सुख जसे घरात येते तसे त्याचे धोकेही येतात. आरोग्याच्या दृष्टीने या छंदाकडे पाहायचे झाल्यास मालकाबरोबर त्याच्या घरातील प्रत्येकाचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

ब्रिटनमध्ये हा छंद चांगलाच रुजलेला आहे आणि त्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ‘एमजीबी’ ही दोन आसनी उघडी मोटार. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती. बंद छपराच्या ‘जीटी’ प्रकारासह तिची निर्मिती पाच लाखांहून अधिक झाली. १७९८ घनसेंटिमीटरचे साधे चार सिलिंडरांचे इंजिन, बहुतेक गाड्यांवर दोन एसयू कार्बोरेटर, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक अशी तिची रचना. संगणक नाही, गुंतागुंतीची विद्युतप्रणाली नाही. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, फीलर गेज आणि भरपूर चिकाटी एवढ्या भांडवलावर तिचे बरेचसे काम घरी करता येते. सुटे भाग अजूनही मिळतात. इतकेच नव्हे, तर १९८८ पासून जुन्या साच्यांवर काढलेला संपूर्ण नवा पत्र्याचा सांगाडाही मिळू लागला. घरच्या कारागिराला ही गाडी सोयीची वाटते ती या कारणांमुळे.

आपल्याकडे अशा मोटारींची संख्या अर्थातच थोडी आहे. परंतु जुन्या गाडीवर जीव असलेली माणसे मुंबई, पुणे, कोल्हापूर, पणजी अशा ठिकाणी आहेत. गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लासच्या अंगाची छोटी दोन आसनी मोटारही आता जुन्या गाड्यांत जमा झाली आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणाच्या गॅरेजमध्ये एखादी एमजी उभी असेल, तर त्या घरालाही पुढील विवेचन तितकेच लागू पडेल. गाडी कोणतीही असो, तिच्यातील धूळ, वायू, आम्ल आणि वजन यांचे नियम सर्वत्र सारखेच असतात.

या कामातून मिळते काय?

आधी लाभांचा विचार करू. कार्बोरेटर उघडून त्याचे जेट स्वच्छ करणे, दोन्ही कार्बोरेटरांतील हवेचा ओघ समान करणे, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटचे अंतर फीलर गेजने जुळवणे ही कामे घाईत होत नाहीत. हात, डोळे आणि कान यांना एकाच वेळी एका गोष्टीवर खिळवून ठेवण्याची शक्ती त्यांत आहे. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंतमिहाय यांनी अशा तल्लीन अवस्थेला ‘फ्लो’ हे नाव दिले. काम आपल्या कौशल्याच्या थोडेसे पुढचे असावे, त्याचे उद्दिष्ट स्पष्ट असावे आणि यशापयश तत्काळ कळावे, या त्या अवस्थेच्या अटी आहेत. इंजिन सुरू होते किंवा होत नाही. याहून स्पष्ट निकाल कोणता?

दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला हाताने काही दुरुस्त केल्याचे समाधान दुर्मीळ झाले आहे. निवृत्तीनंतर ‘आता करायचे काय’ या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या माणसाला सकाळी उठण्याचे एक कारण मिळते. शिवाय हा छंद माणसे जोडतो. कोणाकडे इंजिन उचलण्याची क्रेन असते, कोणाला वेल्डिंग येते, कोणाच्या संग्रही जुनी दुरुस्ती-पुस्तिका असते. मुलगी किंवा नातू शेजारी बसून नटबोल्टांची वर्गवारी करू लागले की दोन पिढ्यांना बोलायला विषय मिळतो.

मात्र हे सर्व लाभ एका अटीवर मिळतात. काम संथपणे, प्रकाशात, मोकळ्या हवेत आणि पोटात अन्न असताना झाले पाहिजे. रात्री अकरा वाजता, चिडलेल्या मनाने, ‘एवढा एकच बोल्ट काढतो’ म्हणत केलेले काम छंद राहत नाही. पाना सटकून बोटे सोलवटली जाण्याची हीच वेळ असते.

न दिसणारा शत्रू : धूळ

जुन्या मोटारीतील सर्वांत गंभीर धोका बहुधा पेट्रोलचा मानला जातो. वस्तुतः ब्रेकच्या ड्रममध्ये साचलेली करडी भुकटी त्याहून फसवी असते. त्या काळातील ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट आणि सायलेन्सरच्या नळीवरील गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस वापरण्याची पद्धत होती. ब्रिटनने १९९९ मध्ये त्याच्या वापरावर पूर्ण बंदी घातली. पण त्यापूर्वी बसवलेले आणि गोदामांत पडून राहिलेले भाग आजही हाताशी येतात. भारतात तर पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर पूर्णपणे थांबलेला नाही.

ॲस्बेस्टॉसचे तंतू इतके सूक्ष्म असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासावाटे ते फुप्फुसात खोल जातात आणि तेथेच राहतात. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा ‘मेसोथेलिओमा’ हा कर्करोग त्यामुळे होऊ शकतो. आणि तो उद्भवतो संपर्कानंतर बहुधा वीस ते चाळीस किंवा त्याहून अधिक वर्षांनी. आज खोकला आला नाही म्हणून आपण सुटलो, असा हिशेब येथे चालत नाही.

याहून गंभीर बाब अशी, की हा आजार कामगारांपुरता मर्यादित राहिलेला नाही. ॲस्बेस्टॉसशी संबंधित कामावरून परतणाऱ्या माणसांचे कपडे घरी झटकणाऱ्या आणि धुणाऱ्या स्त्रियांनाही मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राने नोंदवलेली आहेत. त्यांनी कधी कारखान्यात पाऊल ठेवले नव्हते. धूळ त्यांच्यापर्यंत कपड्यांबरोबर आली. सुट्टीच्या दिवशी छंद म्हणून केलेल्या कामात धुळीचे प्रमाण कारखान्याच्या तुलनेत कमी असते, हे खरे. तथापि, ते कपडे ज्या यंत्रात पडतात त्याच यंत्रात तान्ह्या मुलाची झबली पडत असतील, तर काळजी घेण्याला दुसरे कारण शोधण्याची गरज नाही.

उपाय साधे आहेत. ड्रम उघडल्यावर आतील भुकटी तोंडाने फुंकू नये, कंप्रेसरची हवा मारू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. पाण्याचा हलका फवारा मारून ती पूर्ण भिजवावी, ओल्या फडक्याने टिपावी आणि फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे. घरातील व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्यातून बारीक तंतू पुन्हा खोलीभर पसरतात. चेहऱ्यावर नीट बसणारा ‘एफएफपी ३’ दर्जाचा मास्क वापरावा. नाकाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. कामाचा अंगरखा वेगळा ठेवावा, तो घरात आणू नये आणि घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नये. काम संपले की स्नान करून मगच मुलांना उचलून घ्यावे.

दुसरी धूळ शिशाची. त्या काळच्या अनेक ब्रिटिश मोटारींच्या पत्र्याचे सांधे शिसेमिश्रित धातूने भरून सपाट केले जात. जुन्या रंगातही शिसे असू शकते. असा भाग ग्राइंडरने किंवा कोरड्या पॉलिश पेपरने घासला की शिसे हवेत आणि जमिनीवर पसरते. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. म्हणून घासकाम नेहमी पाण्याने ओले करून करावे, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि घरात लहान मूल अथवा गर्भवती स्त्री असेल तर हे काम बाहेरच्या जाणत्या कारागिराकडे सोपवावे. फायबरग्लासच्या गाडीत गंजाची चिंता नाही. पण तिची घासलेली भुकटी त्वचेला, डोळ्यांना आणि श्वासमार्गाला तितकीच त्रासदायक असते.

वायू, द्रव आणि रंग

जुन्या स्पोर्ट्स कारच्या धुराड्यात उत्प्रेरक परिवर्तक नसतो. कार्बोरेटरमधील मिश्रण जरा जास्त पेट्रोलचे झाले, तर धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण फारच वाढते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो आणि शरीराचा प्राणवायू तोडतो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची पहिली लक्षणे. ती सहज पित्ताची किंवा तापाची वाटतात. एकाच घरातील दोघा-तिघांना एकदम अशी लक्षणे जाणवली, तर मात्र शंका घ्यावी. गॅरेजचे दार थोडे उघडे ठेवणे पुरेसे नाही. ट्यूनिंगसाठी इंजिन चालू ठेवायचे असेल तर गाडी ढकलून उघड्यावर आणावी. इमारतीखाली काम करणाऱ्यांनी धुराड्याचे तोंड कोणाच्या खिडकीकडे नाही ना, हेही पाहावे.

पेट्रोल नळीने ओढताना तोंडाचा वापर करण्याची आपल्याकडील सवय अत्यंत घातक आहे. पेट्रोलचे थोडेसे थेंब फुप्फुसात गेले तरी तीव्र दाह होऊ शकतो. त्यासाठी हाताने दाबायचा साधा पंप मिळतो. पेट्रोलने हात धुणे हीदेखील तशीच एक जुनी सवय. पेट्रोलमधील बेंझीन हे कर्करोगकारक मानले जाते आणि इंजिनातून काढलेले काळे तेल त्वचेला दीर्घकाळ लागत राहणेही हितावह नाही. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. हात साबणाने किंवा मेकॅनिकांसाठी मिळणाऱ्या मलमाने धुवावेत आणि नंतर खोबरेल लावावे. तेलाने माखलेले फडके विजारीच्या खिशात खुपसून ठेवू नये.

रेडिएटरमधील कूलंटची गोष्ट वेगळी आहे. त्यातील एथिलिन ग्लायकॉल चवीला गोडसर असते. हिरव्या किंवा गुलाबी रंगाचे हे गोड पाणी उघड्या तसराळ्यात राहिले, तर लहान मूल ते चाखू शकते, मांजर-कुत्रे चाटू शकतात. अल्प प्रमाणातही ते मूत्रपिंडे निकामी करू शकते आणि पहिल्या काही तासांत मूल केवळ झिंगल्यासारखे दिसते. काढलेले कूलंट तत्काळ झाकणाच्या डब्यात भरावे, त्यावर ठळक चिठ्ठी लावावी. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कोणतेही रसायन कधीही भरू नये; हा नियम घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा. गरम इंजिनावरील रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण आतील पाणी दाबाखाली असते आणि त्याची वाफ चेहऱ्यावर येते.

बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि तिच्यात सल्फ्युरिक आम्ल असते. एमजीबीच्या बॅटऱ्या आसनांमागील झाकणाखाली असतात. तेथे वाकून काम करताना चेहरा नेमका त्यांच्यावर येतो. गॉगल घालूनच झाकण उघडावे. सांगाड्याला जोडलेली तार सर्वप्रथम सोडावी आणि शेवटी जोडावी. सुरुवातीच्या एमजीबींमध्ये आजच्या उलट, बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. दुसऱ्या गाडीवरून करंट घेण्यापूर्वी हे पाहिले नाही, तर ठिणगी उडून अनर्थ ओढवू शकतो.

रंगकामाबद्दल सल्ला स्पष्ट आहे. हार्डनर मिसळून मारण्याच्या आधुनिक रंगांत आयसोसायनेट नावाची रसायने असतात. ती श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही सोसत नाही. साध्या मास्कने त्यांपासून बचाव होत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे शिरस्त्राण आणि बंदिस्त रंगगृह लागते. म्हणून लांबी भरणे, घासणे, प्रायमरची तयारी येथपर्यंत घरी करावे आणि अंतिम रंग योग्य सोय असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्यावा. वेल्डिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना : काही ब्रेक क्लीनरांत क्लोरीनयुक्त द्रावके असतात. त्यांनी पुसलेला भाग ओला असतानाच वेल्डिंग केल्यास फॉसजीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. क्लोरीनविरहित क्लीनर घ्यावा आणि भाग पूर्ण वाळू द्यावा.

वजनाचा धाक

मोटारीखाली जाण्याचा नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. सपाट, टणक जमिनीवर गाडी उचलून तिच्याखाली ॲक्सल स्टँड, म्हणजे तिपाईसारखे पोलादी आधार लावावेत, उरलेल्या चाकांना अडण्या द्याव्यात, गाडी हाताने हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. विटा, दगड आणि लाकडाचे तुकडे यांवर विसंबू नये. जुन्या गाडीत आणखी एक मेख असते. एमजीबीला स्वतंत्र चॅसी नाही. दारांखालचे पोकळ पत्रे, म्हणजे सिल, हाच उघड्या गाडीचा कणा होय. वरून चकचकीत दिसणारा सिल आतून गंजून पापुद्र्यासारखा झालेला असू शकतो आणि जॅक त्यातून आरपार जातो. म्हणून आधार कोठे द्यायचा हे आधी टोचून, ठोकून तपासावे. गाडीखाली जाताना घरातील कोणाला तरी सांगून जावे आणि दर अर्ध्या तासाने हाक मारण्यास सांगावे.

इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून वजन दीडशे किलोंहून अधिक भरते. ते हौसेने चौघांनी उचलायचे नसते. दिवसभरासाठी क्रेन भाड्याने आणावी. बॉनेटखाली तासन्‌तास ओणवे उभे राहण्याने कंबर धरते. वीस-पंचवीस मिनिटांनी सरळ उभे राहून चार पावले चालावे, गुडघ्यांखाली जाड फोम घ्यावा, बसण्यासाठी ठेंगणे स्टूल ठेवावे. हृदयविकार असलेल्यांनी घट्ट बसलेला बोल्ट श्वास रोखून ओढू नये. लांब दांड्याचा पाना आणि गंज सैल करणारे तेल हे काम अधिक शहाणपणाने करतात.

ग्रीस गनचा एक धोका फारसा कोणाला ठाऊक नसतो. एमजीबीच्या पुढच्या चाकांच्या किंगपिनांना ठरावीक अंतरानंतर ग्रीस भरावे लागते. दाबाखालील ग्रीस बोटात शिरले तर बाहेरून केवळ टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि सुरुवातीला वेदनाही थोडी असते. आत मात्र ते स्नायुबंधांच्या कडेने पसरत जाते आणि उशीर झाल्यास बोट गमावण्याची पाळी येते. अशी जखम म्हणजे तातडीची शस्त्रक्रिया, हे ध्यानात ठेवून थेट रुग्णालय गाठावे. गंजलेल्या पत्र्याने कापल्यास धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हेही आठवावे. दहा वर्षे उलटली असतील तर डॉक्टरांना विचारावे.

गाडीची प्रकृती, प्रवाशांचा जीव

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या मोटारींना वार्षिक तांत्रिक तपासणीतून सूट आहे. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते आणि ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. कायद्याने सूट दिली, तरी ब्रेकच्या नळ्यांनी सूट दिलेली नसते. तपासणी करणारा त्रयस्थ नाहीसा झाला की सारी जबाबदारी मालकावर येते. म्हणूनच वर्षातून एकदा एखाद्या अनुभवी मेकॅनिककडून पैसे देऊन गाडी तपासून घेणे श्रेयस्कर. स्वतः केलेल्या कामातील दोष स्वतःच्या नजरेला दिसत नाहीत.

सुरुवातीच्या एमजीबींमध्ये ब्रेकची एकच प्रणाली होती. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी मुरलेले तेल उतारावर तापून उकळते आणि पेडल पोकळ होते. ते दर दोन वर्षांनी बदलावे; कोकणासारख्या दमट हवेत तर टाळाटाळ नकोच. रबरी होज बाहेरून धड दिसत असले तरी आतून सुजून बंद होतात. टायरवरील नक्षी शाबूत असली, तरी रबर वयाने कडक होते. बाजूवर छापलेला आठवडा व वर्ष पाहून दहा वर्षांच्या आत, आणि भेगा दिसल्यास त्याआधीच, ते बदलावेत.

इंधनाचाही प्रश्न आहे. जुन्या पेट्रोलातील शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींना आच्छादन देत असे. भारतात आणि ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० साली थांबली, आणि ते सर्वांच्या आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच झाले. जुन्या इंजिनात त्याऐवजी कठीण धातूच्या बैठकी बसवाव्या लागतात किंवा पेट्रोलमध्ये योग्य द्रव मिसळावा लागतो. आता इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र आले आहे. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ होतात, चिरतात आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकते. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवणे आणि पेट्रोल-आगीला चालेल असा अग्निशामक हाताशी ठेवणे, हे दोन्ही खर्च टाळू नयेत.

या गाडीत एअरबॅग नाहीत, डोक्याला नीट आधार नाही, लहान मुलांचे आसन बसवण्याची आधुनिक सोय नाही. लहानग्याला मांडीवर घेऊन ‘एक फेरी’ मारण्याचा मोह मोठा असतो. आघाताच्या क्षणी कोणत्याही आईबापाचे हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत. मुलाला उभ्या गाडीत स्टिअरिंगवर बसू द्यावे, हॉर्न वाजवू द्यावा. रस्त्यावरची फेरी ते मोठे होईपर्यंत थांबू शकते.

घरातील करार

अर्धवट उघडलेली गाडी घरात वादाचे कारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पैसा अंदाजाच्या पलीकडे जातो, सुट्ट्या तिच्यातच जातात आणि न संपलेल्या कामाचा ताण मालकाच्या चेहऱ्यावर दिसू लागतो. यावर कुटुंबाने आरंभीच मोकळेपणाने बोलावे. महिन्याचा खर्च किती, आठवड्यातले कोणते तास गाडीचे आणि कोणते घराचे, कोणती कामे बाहेर द्यायची, हे कागदावर लिहावे. संपूर्ण गाडी एकदम उघडण्याऐवजी यंदा ब्रेक, पुढील वर्षी विद्युततारा, त्यानंतर पत्रा अशा टप्प्यांनी काम केल्यास गाडी बहुतेक काळ चालती राहते आणि समाधान हप्त्याहप्त्याने मिळत जाते. काम रखडले आणि झोप उडू लागली, तर गाडी दुसऱ्या हौशी माणसाला देऊन मोकळे होण्यातही कमीपणा नाही.

मुलांना दूर ठेवण्याऐवजी वयानुसार काम द्यावे. सहा वर्षांचे मूल स्वच्छ नट मोजून डब्यांत लावू शकते. बारा वर्षांचे मूल देखरेखीखाली प्लगमधील अंतर मोजू शकते, चाकाची हवा तपासू शकते. ग्राइंडर, वेल्डिंग, ब्रेकची धूळ आणि उचललेली गाडी यांपासून मात्र ती लांबच हवीत. गॉगल आणि हातमोजे वापरण्याची सवय मुलांना उपदेशाने लागत नाही. मोठ्यांना ती वस्तू न चुकता वापरताना पाहून लागते.

गॅरेजच्या दारावर लावण्याचा कागद

● डोळ्यात आम्ल, पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल गेल्यास : पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटे धुवावे, मग डॉक्टरांकडे जावे. धातूचा कण रुतला असल्यास डोळा चोळू नये, स्वतः काढू नये.

● भाजल्यास : वीस मिनिटे थंड वाहते पाणी. शाई, टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

● पेट्रोल पोटात गेल्यास : उलटी करवू नये, रुग्णालयात न्यावे.

● कूलंट पोटात गेल्याची शंका आल्यास : लक्षणांची वाट न पाहता, डबा सोबत घेऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे. यावर उतारा उपलब्ध असतो. तो जितक्या लवकर मिळेल तितके बरे.

● धुरामुळे चक्कर, डोकेदुखी वाटल्यास : प्रथम मोकळ्या हवेत यावे. बेशुद्ध माणसाला बाहेर काढताना स्वतः धुरात अडकणार नाही याची दक्षता घ्यावी.

● ग्रीस गनची टोचणी : वेदना नसली तरी लगेच रुग्णालय.

● मदतीसाठी : भारतात ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, ब्रिटनमध्ये ९९९.

जुन्या मोटारीला पुन्हा चालती करण्यास कधी दोन वर्षे लागतात, कधी दहा. तेवढ्या काळात मालकाचे वय वाढते, मुले मोठी होतात. गाडीचा प्रत्येक भाग बाजारात पुन्हा मिळू शकतो. तिच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे फुप्फुस, डोळा किंवा बोट मात्र मिळत नाही. येत्या रविवारी पाना हाती घेण्यापूर्वी मास्क, गॉगल, हातमोजे आणि ॲक्सल स्टँड यांची खरेदी करावी. छंदाचा पहिला खर्च हाच असावा.